डोळ्याला लावलेलं सोनं

"तुमच्या सोन्यात काहीतरी आहे, देवकर," खांबेटे सर म्हणाले.

ताकाला जाऊन भांडं लपवणं सरांच्या स्वभावातच नव्हतं. तात्या, म्हणजे माझे वडील, विट्याहून येऊन जेमतेम स्टुलावर टेकले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि दाराबाहेर ठेवाव्या लागलेल्या पिशवीकडे मान वळवून वळवून बघत होते. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर सरांच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती, 'मीठ आत आणू नये'. नवा माणूस ती वाचून हसायचा. तात्या हसले नव्हते. त्यांनी मुकाट्याने पिशवी भिंतीला टेकवली होती.

"काहीतरी म्हंजे काय?" तात्यांनी विचारलं.

"ते अजून सांगता येत नाही. सोनं नाही, एवढंच सांगता येतं."

मी सिंकपाशी पाठमोरी उभी राहून काचेचं भांडं विसळत होते. जे वाक्य तात्यांच्या कानावर पडू नये म्हणून मी घरी पत्रं लिहायची टाळत होते, ते सर इतक्या सहज बोलून गेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तात्या कोण होते हे सांगितल्याशिवाय माझी भीती कळायची नाही. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. गलाई म्हणजे जुनं, मिसळीचं सोनं आटवून त्यातून चोख सोनं वेगळं काढणं. तात्यांनी उमेदीची सगळी वर्षं मदुराईच्या सराफी गल्लीत एका खोलीत भट्टीसमोर काढली आणि म्हातारपणी गावी येऊन तेच काम मांडलं. सोनं वितळवायच्या त्यांच्या मुशीतून निघालेलं सोनं मदुराईत कुणी कसोटीवर घासून बघत नसे. चुकून कुणी घासलंच, तर तात्यांना राग यायचा, आणि तात्यांचा राग चढायला क्षण पुरे, उतरायला मात्र सणवार लागायचे. एकदा ते आईवर रागावले ते आषाढातल्या बेंदराला, आणि बोलले ते थेट दसऱ्याला. कारण काय होतं ते दोघांनाही पुढे आठवेना.

सरांना प्रयोगासाठी अगदी चोख सोन्याची बारीक तार हवी होती. परदेशातून मागवायची तर कागदपत्रांतच वर्ष गेलं असतं. मी घरी सहज बोलले, तर तात्या म्हणाले, "माझ्या लेकीच्या कॉलिजाला सोनं भायरनं?" त्यांनी घरातलं सोनं पुन्हा आटवलं, पुन्हा तेजाबात, म्हणजे आम्लात घातलं, पुन्हा आटवलं. शेजारच्या सोनाराकडे बसून स्वतःच्या डोळ्यांदेखत तार ओढून घेतली, आणि सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. आमच्या घरातलं सोन्यासारखं सोनं मी शिकायला म्हणून घेऊन जात होते, याचा त्यांना केवढा अभिमान होता. मला तर रडूच आलं होतं.

आणि ती तार बघून सर म्हणत होते, हे सोनं नाही.

"मला दावा," तात्या म्हणाले.

"दाखवतो. पण सगळं यंत्रावर आहे. तुम्हाला कंटाळा येईल."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आमच्यात म्हणत्यात. तुमच्यात आरसा लागतोय, तर दावा आरसा."

सरांनी मला खूण केली. त्यांचा हात थरथरायचा, त्यामुळे तार बसवण्याचं काम कायम माझं. मी आधी प्लॅटिनमची तार घेतली. चिमट्याने धरून ज्योतीत लाल केली, शुद्ध पाण्यात बुडवली, गंधकाम्लाच्या छोट्या भांड्यात सोडली. मग यंत्र सुरू केलं. यंत्राचं काम इतकंच, की तारेवरचा विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि तसाच हळूहळू खाली आणायचा. तारेतून किती वीज जाते ते शेजारच्या रेकॉर्डरचं पेन लाल शाईने आलेखाच्या कागदावर काढत राहायचं. पेन सरकलं, चढलं, वळलं, परत आलं. कागदावर पुस्तकातल्यासारखी सुबक रेघ उमटली.

"हे प्लॅटिनम," सर म्हणाले. "भांडं तेच, आम्ल तेच, हात हिचेच. कुठे घाण नाही. आता तुमचं सोनं बघा."

मी नेहमीप्रमाणे सोन्याची तार लाल केली, बुडवली, बसवली. तात्या टोपी हातात घेऊन रेकॉर्डरजवळ येऊन उभे राहिले. पेन सपाट चाललं, आणि पुढे जिथे चढायचं त्याच्या अलीकडेच, काही कारण नसताना, वर फुगून आलं. सर त्या फुगवट्याला टेंगूळ म्हणत. पुढची चढण बोथट झाली, परतीची रेघही खाली यायची तेवढी आली नाही.

"हे टेंगूळ," सरांनी बोट ठेवलं. "तांब्याचं म्हणावं तर तांब्याची जागा ही नाही. चांदीचीही नाही. कधी लहान असतं, कधी मोठं. पण रोज असतं. प्लॅटिनमला नाही, म्हणजे दोष भांड्याचा नाही. मग राहिलं काय?"

तात्या काही वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांना आलेख वाचता येत नव्हता, पण दोन रेघांतला फरक आंधळ्यालाही दिसला असता.

"मास्तर," ते म्हणाले, "माझ्या हातात भेसळ आली आसंल, तर मग हात काय कामाचा? आजपास्नं मी मुशीला शिवणार न्हाई."

"अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. असतं थोडंफार."

"सोन्यात थोडंफार नसतंय."

हे ते ओरडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी हळू बोलले, आणि मला कळलं की हे खरं होणार आहे. भट्टी विझणार, मुशी माळ्यावर जाणार, आणि तात्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहणार. आणि हे सगळं माझ्या शिक्षणापायी. सरांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी विषय संपवल्यासारखं पेनाला टोपण घालायला घेतलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा उतरलेला बघून त्यांचा स्वतःचा राग जरा बाजूला झाला.

"तू कशाला तोंड पाडतीस? तुझं काय बी चुकलेलं न्हाई. उलट मला बरं वाटलं. एवढं शिकलीस, पण रीत सोडली न्हाईस. तार डोळ्याला लावून मगच आत सोडलीस. बघितलं मी."

सरांच्या हातातलं टोपण तसंच राहिलं.

"काय लावलं?" त्यांनी विचारलं.

"तार. डोळ्याला. लक्ष्मी हाय ती, मास्तर. आमच्यात सोनं हातात आलं की आधी डोळ्याला लावायचं, मग पुढचं काम. रांगती होती तवापास्नं शिकवलंय तिला."

"शालन, तू तार डोळ्यांना लावतेस?"

"नाही सर," मी म्हणाले. आणि मी खोटं बोलत नव्हते. प्रयोगशाळेत शिरताना कुंकू पुसणारी, बांगड्या काढून ठेवणारी, तारेला कधी बोट न लावणारी मी. मी असलं काही करीन?

"लावलीस की गं," तात्या म्हणाले.

सर उठले. त्यांनी भांड्यातून सोन्याची तार वर काढायला लावली, धुवायला लावली, आणि म्हणाले, "परत बसव. विचार न करता, रोज बसवतेस तशी."

मी चिमटा घेतला. तार उचलली. आणि माझा हात भांड्याकडे जाण्याऐवजी वर आला. ओल्या तारेचा गार स्पर्श आधी उजव्या पापणीला झाला, मग डाव्या. मग हात खाली गेला. चालताना पाऊल पडावं इतक्या सहज सगळं झालं. मी चिमटा धरून तशीच उभी राहिले, आणि मला माझ्याच हाताची भीती वाटली.

"आता प्लॅटिनम," सर म्हणाले.

प्लॅटिनमची तार उचलली. हात सरळ भांड्याकडे गेला. प्लॅटिनमला कोण डोळ्याला लावतं? आमच्या सात पिढ्यांत ते कुणी पाहिलंही नव्हतं.

सर स्टुलावर बसले आणि हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले. "दारावर पाटी लावून मी मीठ बाहेर ठेवतोय, आणि ही पापणीवरून आत आणतेय. घामाचं मीठ, डोळ्याचं मीठ. अहो, आम्लात मिठाचा अंश असला आणि त्यावर विजेचा दाब आला, तर सोनं विरघळायला लागतं. ते टेंगूळ दुसऱ्या कशाचं नाही. ते सोनंच आहे, विरघळणारं."

"त्येच्यावर तर आमचं पोट हाय," तात्या म्हणाले. "तेजाबात मीठ पडल्याबिगर सोनं हलत न्हाई."

आणि मला दुपार आठवली. सकाळी टेंगूळ लहान असायचं, दुपारी छपराचा पत्रा तापला की मोठं व्हायचं. आम्ही पंखा बदलला, तारेची जोडणी बदलली, पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं. घाम कुणाच्या डोक्यातच आला नाही, कारण तारेला कुणाचा हात लागत नव्हता.

"म्हंजे माझं सोनं चोख?" तात्यांनी विचारलं.

सर हसायचे थांबले. "मला तसं वाटतं. पण वाटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. अजून दुसरं काही असू शकेल."

"मग करा की सिद्ध. मी बसतो."

मी भांडं पहिल्यापासून धुतलं, उकळत्या पाण्याने धुतलं, चिमटासुद्धा धुतला. ताजं आम्ल भरलं. हे सगळं होईपर्यंत तात्या स्टुलावर ताठ बसून होते, कसोटीला लावलेल्या माणसासारखे. तार ज्योतीत धरायची वेळ आली तेव्हा ते उठून जवळ आले. तार लाल झाली, नारिंगी झाली. "बास," ते पुटपुटले, आणि मी खरंच तिथेच थांबले. आगीतलं सोनं बघताना त्यांचा चेहरा मी लहानपणापासून बघत आले आहे. त्या क्षणी त्यांना दुसरं काही दिसत नसे.

तार पाण्यात बुडवून वर काढली, आणि सगळं माहीत असूनही माझा हात वर येऊ लागला. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"नगं," ते म्हणाले. "आज नगं."

माझा हात त्यांनी स्वतः खाली नेला. तार आम्लात गेली. मग ते दोन पावलं मागे सरले, आणि त्या काचेच्या भांड्याला त्यांनी लांबूनच हात जोडले. सरांनी ते पाहिलं. एरवी असल्या गोष्टींवर शेरा मारल्याशिवाय न राहणाऱ्या सरांनी स्वतः यंत्राचं बटण दाबलं.

पेन निघालं. सपाट, अगदी सपाट. टेंगळाची जागा जवळ आली. पेन त्या जागेवरून गेलं आणि काहीच झालं नाही. तळ्याच्या पाण्यासारखी रेघ तशीच पुढे सरकली. मग ते ठरल्या ठिकाणी चढलं, डौलात चढलं, वरच्या टोकाला जाऊन वळलं. परतीची रेघ पुन्हा सपाट. खूप खाली आली तरी सपाट. आणि मग एकाएकी पेन खाली झेपावलं, एक खोल, अणकुचीदार दरी काढून परत वर आलं आणि जिथून निघालं होतं नेमकं त्या बिंदूवर येऊन टेकलं.

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. पेन आधीच्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जात राहिलं, एका केसाचाही फरक न करता. इतके महिने मी सोन्याबरोबर काम करत होते आणि सोनं मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. आजही तो कागद आठवला की येतो.

"एवढ्या स्वच्छ सोन्याची रेघ मी फक्त छापलेली पाहिली आहे," सर म्हणाले. "माझ्या हातून कधी आली नव्हती. देवकर, तुमचा हात शाबूत आहे."

तात्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष कागदाकडे होतं.

"ही चढण कसली?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तू सांग, असं. हेच तर मी घरी कधी सांगितलं नव्हतं. सोनं शुद्ध करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला त्याची लेक कोणत्या तोंडाने सांगणार की मी सोन्याला गंज चढवते?

"तात्या, तिथे सोन्याला गंज चढतो," मी म्हणाले.

"सोन्याला गंज चढत न्हाई."

"चढतो. आपण ओढून चढवला तर चढतो. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा. पाण्यातला ऑक्सिजन येऊन सोन्याला धरतो."

"आणि ही दरी?"

"तिथे तो उतरतो."

"समदा?"

"सगळा. जेवढा चढला, तेवढाच उतरतो. दोन्हीकडची वीज मोजली की सारखीच येते."

तात्यांनी बोट कागदाला न लावता हवेतच चढणीवरून दरीपर्यंत फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"पर चढतोय हितं आणि उतरतोय पार तिथं खाली," ते म्हणाले. "ज्या वाटेनं चढला त्या वाटेनं का उतरत न्हाई?"

सर एकदम खुशीत आले. हा प्रश्न वर्षभरात एकही विद्यार्थी विचारत नसे. "कारण एकदा चढला की तो सोन्यात जागा करून बसतो. वरचं सोनं आणि तो, दोघं जागा बदलतात. मग उतरवायचा तर पुष्कळ खाली यावं लागतं. जास्त वेळ वर ठेवला तर अजून खोल जातो, आणखी खाली यावं लागतं. पण सोनं सोनंच असतं. शेवटी उतरवतंच."

तात्या कागदावर आणखी वाकले. पेन फिरत होतं. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, मदुराईला मीनाक्षीच्या गाभाऱ्यापुढे. भट्टीपुढे इतकी वर्षं बसलेल्या माणसाला सोन्याने इतक्या उशिरा आपलं गुपित दाखवलं होतं, आणि ते त्यांनी दोन्ही डोळ्यांनी पिऊन घेतलं.

"माणसाच्या रागाचंबी असंच की हो, मास्तर," ते अखेर म्हणाले.

"मग मुशीचं काय ठरलं?" सरांनी विचारलं.

"बोलून बसलोय. खाली यायला जरा वेळ लागंल. पर यीन."

नंतर आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसून तात्यांची भाकरी आणि चटणी खाल्ली. सरांनीही खाल्ली, आणि मीठ कमी आहे म्हणाले. ते आत गेल्यावर मी तात्यांना म्हणाले, "आता रोज तार डोळ्याला न लावता आत सोडायची. मला कसंसंच वाटेल."

"लावायची न्हाई म्हंजे न्हाई. तुझ्या कामाचा सत्यानास करशील." मग ते जरा हसले. "साठवून ठेव. रोजचं ऱ्हायलेलं समदं येकाच दिशी लाव. लक्ष्मीला घाई नसती."

आठवडाभरात निरोप आला की तात्यांची भट्टी पेटली. मी त्या तारेवर पुढे सगळं काम केलं. किती वेळा तिच्यावर पापुद्रा चढवला आणि किती वेळा उतरवला त्याची गणतीच नाही. प्रत्येक वेळी हात वर यायला बघायचा आणि प्रत्येक वेळी मनगटावर तात्यांची पकड जाणवायची. पुढे मी शिकवायला लागले, सर गेले, प्रयोगशाळा दुसऱ्यांची झाली. तार मात्र सरांनी जाण्यापूर्वी माझ्या स्वाधीन केली होती, त्याच गुलाबी कागदात.

तात्या गेले ते विट्यालाच, भट्टीच्या खोलीशेजारी. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवतात. चुलत्यांनी अंगठीचा तुकडा काढायला घेतला, तेव्हा मी म्हणाले, थांबा, सोनं मी आणलंय.

तार कात्रीने तोडली. तुकडा बोटांत धरला, चिमटा न घेता. कुणी मनगट धरायला नव्हतं. मी तो उजव्या डोळ्याला लावला, डाव्या डोळ्याला लावला, आणि तिथेच धरून ठेवला. इतक्या वर्षांचं राहिलेलं होतं. बायका म्हणाल्या, अगं, ओला झालाय तो, पूस. मी पुसला नाही. तसाच, सगळ्या मिठासकट, तात्यांच्या तोंडात ठेवला.